घरातल्या दोन पीसींची ग्राफिक्स कार्डं अदलाबदल करायची आहेत? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

यंदा मे महिन्यात एका रात्री पावणेबाराला बहिणीचा फोन आला. ती कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, मी पुण्यात नोकरीला. थीसिसचं सबमिशन तीन आठवड्यांवर होतं आणि ब्लेंडर रेंडर करताना दर वेळी एकाच मेसेजवर थांबत होतं: जीपीयूची मेमरी संपली.

"दादा, सीपीयूवर लावलं तर होतं, पण एका व्ह्यूला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. मला बारा व्ह्यू द्यायचेत."

बारा व्ह्यू म्हणजे बत्तीस तास. त्यात गाइडनी एक भिंत सरकवायला सांगितली की पुन्हा पहिल्यापासून. बाबा म्हणाले, "नवीन कार्ड घेऊन टाकू." पण कॉलेजची फी, मॉडेल मेकिंगचं सामान आणि प्रिंटिंग यांचा खर्च आधीच डोक्यावर होता.

फोन ठेवल्यावर माझ्याच टेबलाखाली लक्ष गेलं. माझ्या पीसीत १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० होतं आणि मी त्यावर दिवसभर काय करतो, तर कोड लिहितो, ब्राउझर उघडतो आणि रविवारी एखादा गेम खेळतो. बहिणीच्या पीसीत ४ जीबीचं जीटीएक्स १६५०. म्हणजे घरात चांगलं कार्ड होतं, फक्त चुकीच्या मशीनमध्ये बसलेलं होतं.

मग ठरवलं, अदलाबदल करायची. एक पैसा खर्च न करता. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काय झालं ते सांगतो.)

आधी बघा: खरंच कार्डच कमी पडतंय का?

अदलाबदल करायच्या आधी कोणत्या मशीनला काय कमी पडतंय ते बघा. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा आणि जीपीयूवर क्लिक करा. तिथे 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' हा आकडा दिसतो. आता तुमचं नेहमीचं काम सुरू करा आणि आकडे बघत राहा.

- मेमरी काठोकाठ भरली असेल, तर जास्त मेमरीचं कार्ड उपयोगी पडेल.
- मेमरी रिकामी आहे पण जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर आहे, तर वेगवान कार्ड उपयोगी पडेल.
- जीपीयू निवांत आहे आणि सीपीयू किंवा रॅम भरलेली आहे, तर कार्ड बदलून काहीही होणार नाही.

बहिणीकडून व्हिडिओ कॉलवर हे करून घेतलं. सीन लोड होतानाच ४ जीबी भरत होती. झाडं, गवत, लाकडाचे आणि दगडाचे टेक्स्चर, सगळं कार्डच्या मेमरीत जागा घेतं. माझ्याकडे उलट चित्र. माझी १२ जीबी बहुतेक वेळ दीड-दोन जीबीच्या वर जातच नव्हती.

मेमरीशिवाय आणखी एक फरक होता. ३०६० मध्ये रे ट्रेसिंगसाठी वेगळे कोअर असतात, १६५० मध्ये ते नसतात. ब्लेंडरचं सायकल्स इंजिन या कोअरचा थेट फायदा घेतं.

स्लॉटची काळजी करू नका

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "माझ्या मदरबोर्डला हे कार्ड चालेल का?" डेस्कटॉप पीसी गेल्या दहा-बारा वर्षांतला असेल, तर बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. ग्राफिक्स कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटमध्ये बसतं आणि या स्लॉटच्या जुन्या-नव्या पिढ्या एकमेकांशी जुळतात. ३०६० चौथ्या पिढीचं कार्ड आहे, बहिणीचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा. कार्ड तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतं, एवढंच. रेंडरिंगमध्ये सीन एकदा कार्डवर गेला की पुढचं सगळं काम कार्डच्या आतच होतं, त्यामुळे हा फरक जवळपास जाणवत नाही.

जागेची काळजी मात्र करा. ३०६० दोन फॅनचं, जवळजवळ २४ सेंटिमीटर लांब आहे. निघण्याआधी मी बहिणीला टेप घेऊन कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत मोजायला लावलं. २९ सेंटिमीटर भरलं. मी खूश!

लांबी विचारली. एसएमपीएस विचारला नाही. तिथेच मी चुकलो.

कार्ड काढणं आणि नेणं

शुक्रवारी संध्याकाळी पुण्यात कार्ड काढलं. पद्धत सोपी आहे, पण क्रम पाळा:

पीसी शटडाउन करा, मागचा स्विच बंद करा आणि पॉवर केबल भिंतीतून काढा. मग पीसीचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाईल. कार्डला जोडलेली पॉवर केबल तिची चाप दाबून काढा. मागच्या पट्टीचे स्क्रू काढा. आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती जागा: स्लॉटच्या टोकाला प्लास्टिकची एक छोटी कडी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. मोठ्या कार्डखाली बोट पोचत नाही, मी लाकडी पट्टीने दाबली. कडी न दाबता ओढलंत तर स्लॉटच तुटू शकतो.

कार्ड ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीतून आलं होतं ती मी जपून ठेवली होती. त्यात कार्ड, मग टॉवेल, मग खोका. खोका मांडीवर घेऊन स्वारगेटहून एसटी पकडली. माझ्या पीसीत रायझन ५ ३६०० आहे, या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणजे आता पुण्यातला पीसी सुरू झाला असता, पण स्क्रीनवर काहीच दिसलं नसतं. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरचंही तसंच असतं. तुमचा प्रोसेसर असा असेल तर 'कार्ड काढून देतो, माझं भागेल' असं म्हणू नका, भागणार नाही.

कोल्हापूर, शनिवार दुपार: सगळं छान चाललं होतं

बहिणीचा पीसी २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात असेंबल करून घेतलेला. कोअर आय५-१०४००, १६ जीबी रॅम आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस. १६५० काढलं, धूळ ब्लोअरने उडवली (ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होऊ शकतं) आणि ३०६० बसवलं.

मग केबल शोधायला लागलो. तिच्या १६५० ला वेगळी पॉवर केबल लागतच नव्हती, कारण ते कार्ड जास्तीत जास्त ७५ वॉट घेतं आणि तेवढी वीज स्लॉटमधूनच मिळते. ३०६० ला १७० वॉट लागतात, म्हणून त्याला वरून ८ पिनची केबल जोडावी लागते. आणि एसएमपीएसमधून ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची केबल निघतच नव्हती!

एक ८ पिनची केबल दिसत होती, पण ती प्रोसेसरची. दिसायला सारखी असली तरी तिच्यातल्या वायरींचा क्रम वेगळा असतो. ती जोर लावून कार्डात घुसवली तर १२ व्होल्ट नको तिथे जातील. हे मला माहीत होतं, म्हणून तो मूर्खपणा केला नाही. मी दुसरा केला.

घरातल्या जुन्या सामानात एक कन्व्हर्टर सापडला. एका बाजूला दोन मोलेक्स, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कला लागायचे ते चार पिनांचे मोठे कनेक्टर, आणि दुसऱ्या बाजूला कार्डाची ८ पिन. जोडला. पीसी सुरू झाला. (मॉनिटरचा एक छोटा घोळ झाला, तो पुढे सांगतो.) विंडोज आलं, ड्रायव्हर टाकला, टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी दिसली. बहीण टाळ्या वाजवत होती. आईने चहा आणला.

रेंडर सुरू केलं. साधारण चाळीस सेकंदांनी पीसी खट्कन बंद. ना मेसेज, ना निळी स्क्रीन. फक्त अंधार आणि प्लास्टिक तापल्याचा वास.

"दादा, माझ्या फाइल्स?" तिचा चेहरा उतरला होता. खरं सांगतो, त्या वेळी मला कार्डापेक्षा तिच्या एसएसडीची भीती जास्त वाटली. पाच वर्षांचं काम त्यात होतं आणि बॅकअप घ्यायचं मी सुचवलंही नव्हतं.

नेमकं काय झालं? साधा हिशोब

प्लग काढला, अर्धा तास थांबलो आणि मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. एसएमपीएसचं लेबल वाचलं.

वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ४५० वॉट. पण पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. म्हणून बघायचं ते १२ व्होल्टच्या रकान्यात. तिथे होतं १८ अँपिअर.

१२ × १८ = २१६ वॉट.

म्हणजे '४५०' मधले कामाचे फक्त २१६. बाकीची बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनची, जिचा आजच्या पीसीत फारसा उपयोग नाही. आता गरज बघा: कार्ड १७०, प्रोसेसर किमान ६५ आणि जोर लावला की थोडा वेळ १०० च्याही वर, शिवाय फॅन, बोर्ड वगैरे. बेरीज २५० च्या वर सहज जाते. डेस्कटॉपवर नुसतं बसलं असताना कार्ड फार थोडी वीज घेतं, म्हणून सगळं ठीक वाटलं. रेंडर सुरू झाल्यावर खरी मागणी आली आणि एसएमपीएसने हात वर केले.

वास मात्र कन्व्हर्टरचा होता. त्याचंही गणित समजून घ्या. १७० पैकी काही वीज स्लॉटमधून मिळते, वरच्या केबलवर साधारण ११०-१२० वॉट येतात. १२ ने भागा, जवळजवळ १० अँपिअर. खऱ्या ८ पिनच्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीन वायर असतात, म्हणजे एका वायरवर सव्वातीन अँपिअर. मोलेक्समध्ये १२ व्होल्टची वायर एकच, ती पिवळी. दोन मोलेक्स जोडले म्हणजे भार दोघांत वाटला जाईल असं वाटतं. पण मी जोडलेले दोन्ही मोलेक्स एकाच केबलवर, एकामागोमाग एक होते. म्हणजे शेवटी सगळे १० अँपिअर एसएमपीएसमधून येणाऱ्या एकाच वायरवरून जात होते. कनेक्टर उघडून पाहिला, तर पहिल्या मोलेक्सची एक पिन काळपट झाली होती आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक मऊ पडलं होतं.

नशीब एवढंच की एसएमपीएसचं संरक्षण वेळेवर चाललं. सगळ्याच स्वस्त एसएमपीएसमध्ये ते चालेलच असं नाही.

म्हणून हा लेख लिहायला बसलो. कार्ड बदलताना होणाऱ्या बाकीच्या चुका तुम्हाला स्क्रीनवर दिसतात. ड्रायव्हर चुकला तर रिझोल्यूशन बिघडतं, केबल चुकली तर 'नो सिग्नल' येतं. पुन्हा करा, सुधारतं. विजेची चूक मात्र आधी काहीच सांगत नाही. सगळं नीट चालतंय असं दाखवते आणि ऐन कामाच्या वेळी दगा देते.

मग काय केलं?

आधी १६५० परत बसवलं. जुन्या एसएमपीएसवर पीसी सुरू झाला आणि फाइल्स जागेवर होत्या. पहिलं काम, थीसिसचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केला.

संध्याकाळी दुकानात जाऊन ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझचा एसएमपीएस घेतला. साडेचार हजारांच्या आसपास गेले. यावेळी दुकानातच लेबल वाचलं. १२ व्होल्टची लाइन जवळपास पूर्ण ५५० वॉटची होती आणि ६+२ पिनच्या दोन केबल होत्या. एनव्हिडियासुद्धा ३०६० साठी ५५० वॉटचाच एसएमपीएस सुचवते. 'एक पैसा खर्च न करता' हे माझं वाक्य असं साडेचार हजारांना पडलं. तरी नव्या कार्डापेक्षा कितीतरी कमी.

एक सूचना: मॉड्युलर एसएमपीएस, म्हणजे केबल सुट्या होणारा, घेतलात तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा. जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला बसतात असं दिसलं तरी आतली जोडणी कंपनीनुसार, कधी मॉडेलनुसारही बदलते. एक चुकीची केबल एसएसडी किंवा बोर्ड जाळू शकते.

मॉनिटर, उष्णता आणि ड्रायव्हर

आता तो मॉनिटरचा घोळ. बहिणीचा मॉनिटर जुना आहे, त्याला व्हीजीए आणि डीव्हीआय हे दोनच पोर्ट. १६५० ला डीव्हीआय होतं. माझ्या ३०६० ला फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. सुदैवाने एचडीएमआय ते डीव्हीआय ही साधी केबल चालते, मधे वेगळं सर्किट लागत नाही. ती शेजारच्या मित्राकडून आणली. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. घाईत मी ती केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टला लावली आणि पाच मिनिटं 'नो सिग्नल'कडे बघत बसलो. केबल नेहमी आडव्या लावलेल्या कार्डाच्या पोर्टमध्ये!

उष्णता: तिच्या कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारा फॅनच नव्हता. ७५ वॉटच्या कार्डाला ते चालून गेलं. १७० वॉटचं कार्ड आणि मे महिन्यातली दुपार, कार्डाचं तापमान ८० च्या वर जायला लागलं. पुढच्या जाळीवर १२० मिलिमीटरचा एक फॅन लावल्यावर ते ७२-७३ वर आलं.

ड्रायव्हर: दोन्ही कार्डं एनव्हिडियाची असल्यामुळे फार त्रास नव्हता. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'चा पर्याय निवडला, काम झालं. तुमचं एक कार्ड एनव्हिडियाचं आणि दुसरं एएमडीचं असेल, तर जुना ड्रायव्हर डीडीयू नावाच्या मोफत टूलने सेफ मोडमध्ये पूर्ण काढा, मगच कार्ड बदला.

पुण्यात परत: निळी स्क्रीन

रविवारी रात्री १६५० घेऊन पुण्याला आलो, सोमवारी सकाळी ते माझ्या पीसीत बसवलं. वीज कमी लागणारं कार्ड, म्हणजे एसएमपीएसची चिंता नाही. ३०६० ची मोकळी झालेली केबल फॅनमध्ये जाणार नाही अशी बांधून ठेवली. पीसी सुरू केला आणि समोर निळी स्क्रीन: बिटलॉकरची रिकव्हरी की टाका. ४८ आकडी.

माझ्या पीसीत ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली आहे. हार्डवेअर बदललं की बिटलॉकरला कधीकधी संशय येतो आणि तो की मागतो. माझी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह होती, मोबाइलवर लॉगिन करून टाकली. नसती तर त्या ड्राइव्हवरचा डेटा मलाही परत मिळाला नसता. म्हणून कार्ड काढण्याआधी की कुठे आहे ते बघा आणि बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा. विंडोजच्या लायसन्सची मात्र काळजी नको, ते मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

माझं काय गेलं तेही सांगायला हवं. कोडिंग, ब्राउझर, दोन मॉनिटर, सगळं पूर्वीसारखंच चालतं. गेमची सेटिंग खाली आणावी लागली. आणि मी घरच्या घरी लहान एआय मॉडेल चालवून बघायचो, ते बंद पडलं. आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटमध्ये दाबून बसवलं तरी पाच जीबीच्या आसपास जागा घेतं, ते ४ जीबीत पूर्ण मावत नाही. अदलाबदलीत एकाचं काहीतरी कमी होतंच. कोणाचं काय कमी झालेलं चालेल, हे आधी बोलून घ्या.

कार्ड काढण्याआधीची यादी

१. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही मशीन तपासा. गरज खरंच कार्डाची आहे ना?
२. दोन्ही पीसींतल्या महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या.
३. एसएमपीएसचं लेबल वाचा. १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२. लेबलवर वॉट थेट दिले असतील तर तेच धरा. कार्ड, प्रोसेसर आणि वर किमान १०० वॉट बसले पाहिजेत.
४. कार्डाला लागणारी ६ किंवा ८ पिनची केबल एसएमपीएसमधूनच निघते का ते बघा. मोलेक्सच्या कन्व्हर्टरवर जाऊ नका.
५. कॅबिनेटमधली लांबी मोजा. पुढे हवा घेणारा फॅन आहे का?
६. मॉनिटरचे पोर्ट आणि कार्डाचे पोर्ट जुळवून बघा.
७. बिटलॉकरची की मोबाइलवर किंवा कागदावर घेऊन ठेवा.
८. बसवल्यावर कॅबिनेट लगेच बंद करू नका. अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा. वास येतोय का, कनेक्टर तापतोय का, ते बघा.

ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर आणखी जपून. त्यांतल्या काहींचे एसएमपीएस आणि कनेक्टर वेगळ्याच मापाचे असतात, बाजारातला एसएमपीएस बसत नाही. आणि लॅपटॉपमध्ये हा प्रयोग जवळजवळ होतच नाही.

बहिणीचा तोच व्ह्यू ३०६० वर अकरा मिनिटांत झाला. सबमिशनच्या चार दिवस आधी गाइडनी खरोखरच जिन्याची जागा बदलायला लावली. तिने रात्री बदल केला, बाराच्या बारा व्ह्यू पुन्हा लावले आणि सकाळी मला मेसेज टाकला: "झाले सगळे. मी झोपलेपण."

कार्ड परत मागायचं अजून तरी माझ्या डोक्यात नाही. तो काळपट पडलेला कन्व्हर्टर मात्र मी पुण्याला आणलाय. टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी ठेवलाय.